ई-इंकवर लिहायचे, तर वह्या सोडायच्या का?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. टाचणवही, सराव उदाहरणांची वही, सभांच्या नोंदींची वही, शिवाय घरखर्चाची आणि वाचनातल्या टिपणांची, अशा वह्या वर्षानुवर्षे साठत आल्या आहेत. भाचा म्हणतो, "मावशी, हे सगळे रद्दीत दे आणि एक ई-इंकचा टॅब्लेट घे. कागदासारखेच लिहिता येते, महिनाभर चार्ज करावा लागत नाही आणि पेनला बॅटरीच नसते." यातले काही पटते, काही पटत नाही. आमच्या गावात स्टेशनरीच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांना लिहायची पाटी मिळते, तीच ही का? डोळ्यांना खरेच त्रास होत नाही का? आणि असे उपकरण घेतले तर वह्या बंद होतात का? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : बाई, तुमच्या भाच्याने सांगितलेले बरेचसे खरे आहे. पण प्रत्येक विधानामागे एखादा "पण" आहे आणि पैसे मोजण्याआधी तो कळलेला बरा. सुरुवात दुकानातल्या पाटीपासून करू, कारण गल्लत होते ती तिथेच.

ती पाटी ई-इंकची नव्हे. तिच्या पडद्यात प्लास्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये द्रवस्फटिक भरलेला असतो. दाब पडला की त्या जागच्या रेणूंची मांडणी बदलते आणि तिथून हिरवट प्रकाश परावर्तित होऊ लागतो. म्हणून तिच्यावर सोबतच्या काडीने लिहा, नखाने लिहा नाहीतर चमच्याच्या दांड्याने, रेघ उमटतेच. बटण दाबले की आतल्या चपट्या सेलमधून सगळ्या पडद्याला एकदम वीज मिळते आणि पान कोरे होते. अमेरिकेतल्या केंट डिस्प्लेज या कंपनीने २०१० मध्ये 'बूगी बोर्ड' या नावाने अशी पाटी बाजारात आणली. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त पाट्या त्याच तत्त्वावर चालतात. तुम्ही काय लिहिले याची नोंद त्या पाटीकडे कुठेच नसते. पान एकच, आणि ते पुसले की गेले. मुलांना अक्षरे गिरवायला, हातच्याचे गणित करायला ती फार उपयोगाची आहे. वहीची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.

तुमचा भाचा ज्याबद्दल बोलतो आहे ते तंत्र वेगळे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी नव्वदच्या दशकात त्यावर काम केले. त्यातून १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली. कल्पना अशी : साधारण केसाच्या जाडीएवढ्या असंख्य पारदर्शक कुप्या एका पातळ थरात पसरायच्या. प्रत्येक कुपीत स्वच्छ द्रव, आणि त्या द्रवात काळे व पांढरे सूक्ष्म कण. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे असतात. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही हेच द्रव्य वापरतात. काळ्या आणि पांढऱ्या कणांवर एकमेकांविरुद्ध विद्युतभार असतो. थराखालच्या विद्युताग्रातून एका प्रकारचा दाब दिला की पांढरे कण वर येतात आणि काळे तळाला जातात. दाब उलटा केला की काळे वर. वर जे कण असतील तेच आपल्याला दिसतात. म्हणजे पडद्यावर दिसणारे काळे अक्षर हे खरोखरीच्या काळ्या कणांचेच असते, फक्त हे कण हवे तेव्हा खाली नेता येतात.

या पडद्यावर आधी वाचायची सोय झाली, लिहायची नंतर. सोनीने जपानमध्ये २००४ साली 'लिब्री' हे वाचनयंत्र आणले, २००७ मध्ये अॅमेझॉनचे किंडल आले. लिहिण्यासाठीचा सोनीचा मोठ्या पडद्याचा टॅब्लेट २०१३ च्या अखेरीस जपानमध्ये निघाला. नॉर्वेतल्या ओस्लोच्या एका कंपनीने २०१७ मध्ये 'रिमार्केबल' आणल्यावर ही कल्पना सामान्य ग्राहकांपर्यंत पोचली. त्यानंतर सुपरनोट, ओनिक्सचे बूक्स, कोबोचे एलिप्सा आणि २०२२ मध्ये किंडल स्क्राइब अशी रांगच लागली. यातले रिमार्केबल जाणूनबुजून कमी गोष्टी करते, तर बूक्सवर अँड्रॉइडची अॅप्सही चालतात. तुम्हाला लिहायचेच आहे, तेव्हा कमी गोष्टी करणारे उपकरण मी जवळचे मानेन. सभेत टिपण घेताना मध्येच व्हॉट्सअॅपचा निरोप झळकला की टिपण तिथेच तुटते.

आता बॅटरीकडे वळू. मोबाइलच्या पडद्यावर चित्र टिकवून ठेवायला सतत वीज लागते. ई-इंकमध्ये तसे नाही. कण एकदा वर आले की ते तिथेच राहतात, वीज बंद केली तरी. वीज खर्च होते ती पान बदलताना, म्हणजे कण हलवताना. बंद केलेल्या उपकरणावरही एखादे पान दिसत राहते ते त्यामुळेच. यावरून बरेच जण समजतात की हे यंत्र जवळजवळ विजेशिवायच चालते. तसे नसते. तुम्ही लिहीत असताना पेन कुठे आहे ते शोधणारे मंडल जागे असते, प्रोसेसर जागा असतो, वायफाय चालू असेल तर तोही वीज घेतो आणि दिवा असलेल्या उपकरणात दिव्याचा खर्च वेगळा. कंपन्या जे "कित्येक आठवडे" म्हणतात त्यामागे रोजच्या थोड्या वापराचा हिशेब असतो. रोज तीन-चार तास लिहिणाऱ्या शिक्षिकेने आठवड्या-दोन आठवड्यांनी चार्ज करण्याची तयारी ठेवावी. मोबाइल रोज रात्री लावावा लागतो, त्या मानाने हे सुखाचेच.

डोळ्यांचे उत्तर थोडे सांभाळून द्यावे लागते. मोबाइल आणि संगणकाचे पडदे स्वतः प्रकाश टाकतात; ई-इंकवर बाहेरचा प्रकाश पडतो आणि तो परत आपल्या डोळ्यांत येतो, छापील पानावरून येतो तसाच. म्हणून भर उन्हात, शाळेच्या मैदानावरही ते स्वच्छ वाचता येते. पण याचाच अर्थ असा की खोलीत उजेड कमी असेल तर पानही अंधुक होते. शिवाय त्याची पार्श्वभूमी वहीच्या पानाइतकी पांढरीशुभ्र नसते, किंचित राखाडी असते. काही उपकरणांत कडेला बारीक दिवे बसवून त्यांचा उजेड पानावर पसरवलेला असतो, काहींत दिवाच नसतो. रिमार्केबल २ मध्ये तो नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर टिपणे काढायची सवय असेल, तर हे आधी बघायला हवे. आणि डोळे शिणतात ते केवळ प्रकाशाने नव्हे. एकटक पाहिल्याने पापण्या कमी लवतात, अक्षर बारीक असते, चष्म्याचा नंबर बदललेला असतो. ही कारणे ई-इंकने जात नाहीत. चाळिशीचा चष्मा असलेल्यांना एक फायदा मात्र नक्की होतो : पीडीएफचे पान मोठे करून वाचता येते.

तुम्ही विचारलेली नाही, पण दुकानात उपकरण हातात घेतल्यावर हमखास येणारी एक शंका इथेच सोडवतो. किंडलवर पान उलटताना एक क्षण जातो, सगळा पडदा काळापांढरा लुकलुकतो. मग एवढ्या संथ पडद्यावर लिहिताना रेघ पेनाच्या मागे मागे रेंगाळणार नाही का? पहिल्या उपकरणांत रेंगाळत असेच. पूर्ण पान बदलायचे तर प्रत्येक ठिपक्याला योग्य त्या छटेवर आणायचे असते, आणि राखाडीच्या साधारण सोळा छटा असतात. म्हणून कणांना वर-खाली नेमके हलवावे लागते आणि वेळ लागतो. लिहिताना मात्र यंत्र सगळे पान सोडून देते. पेन जिथून गेले तेवढेच ठिपके ते हलवते आणि तेही सरळ काळे करते, छटांच्या भानगडीत पडत नाही. रिमार्केबल २ साठी कंपनीने सांगितलेला उशीर २१ मिलिसेकंदांचा आहे, म्हणजे सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग. हळू लिहिताना तो जाणवत नाही. भराभर लांब रेघ ओढली, समजा त्रिकोणाचा पाया डावीकडून उजवीकडे एका झटक्यात काढला, तर टोक आणि रेघ यांच्यात बारीकसे अंतर दिसते आणि लगेच भरून येते.

पुसतानाही एक गोष्ट दिसेल. पेनाच्या मागच्या टोकाने एखादे समीकरण खोडले की ते नाहीसे होते, पण डोळे जवळ नेले तर त्या जागी पूर्वीच्या अक्षरांची अगदी पुसट छटा राहिलेली दिसते. काही कण पूर्णपणे खाली गेलेले नसतात. हा बिघाड नव्हे. पान एकदा पूर्ण ताजे करून घेतले, म्हणजे तो काळापांढरा झटका दिला, की छटा निघून जाते. लोक त्या लुकलुकण्याला वैतागतात, पण पान स्वच्छ करण्याचे काम तेच करते.

पेनाबद्दल तुमच्या भाच्याचे म्हणणे बहुतेक उपकरणांना लागू पडते. यामागचे तंत्र जपानच्या वाकोम कंपनीने नावारूपाला आणले. पडद्याच्या मागे तारांच्या जाळ्याचा एक पातळ फलक असतो. तो क्षणभर चुंबकीय लहरी सोडतो आणि दुसऱ्या क्षणी गप्प राहून ऐकतो. असे एका सेकंदात कित्येक वेळा चालते. पेनामध्ये तारेचे एक वेटोळे आणि एक धारित्र एवढेच असते, पण ते त्याच कंपनसंख्येला जुळवलेले असते. सतारीची मुख्य तार छेडल्यावर खालच्या तरफेच्या तारा न छेडता झणकारतात, तसे हे पेन फलकाच्या लहरीने जागे होते आणि तेवढ्याच ऊर्जेवर उलटा प्रतिसाद देते. जाळ्यातल्या कोणत्या तारांना प्रतिसाद किती जोरात मिळाला, त्यावरून टोक नेमके कुठे आहे ते कळते. टोकावर दाब वाढला की पेनाची कंपनसंख्या किंचित सरकते, त्यावरून रेघ जाड करायची की बारीक ते ठरते. दाबाच्या ४०९६ पायऱ्या ओळखता येतात असे बरीच उपकरणे सांगतात. तुमच्या रोजच्या लिहिण्यात त्यातल्या थोड्याच कामी येतात, तेव्हा त्या आकड्याला भुलू नये. काही नव्या उपकरणांची पेने मात्र चार्ज करावी लागतात. रिमार्केबलच्या २०२४ च्या रंगीत मॉडेलचे पेन तसे आहे. म्हणून "पेनला बॅटरी नसतेच" हे सरसकट धरू नका.

याच रचनेमुळे हाताचा तळवा पानावर टेकवून निवांत लिहिता येते. बोटांचा स्पर्श ओळखणारा थर वेगळा आणि पेन ओळखणारा फलक वेगळा. पेन पडद्याजवळ आले की यंत्र स्पर्शाकडे दुर्लक्ष करते.

"कागदासारखेच लिहिता येते" या वाक्यावर मी थोडी हरकत घेईन. पडद्यावर किंचित खरखरीत थर असतो आणि पेनाचे टोक मऊ असते, त्यामुळे घर्षण मिळते. पण ते बॉलपेनापेक्षा शिसपेन्सिलीच्या जवळचे वाटते. बॉलपेन दाबून लिहायची सवय असेल तर पहिले काही दिवस अक्षर मोठे आणि मोकळे येते. आणि जे घर्षण लिहिताना बरे वाटते तेच टोक झिजवते. रोज लिहिणाऱ्याचे टोक काही आठवड्यांत एका बाजूने तिरके घासलेले दिसते. ते छोट्या चिमट्याने उपसून नवे बसवायचे. टोके पाकिटात मिळतात, आणि हा खर्च पुढे चालूच राहतो. सुपरनोटसारख्या काही उपकरणांत न झिजणारे सिरॅमिकचे टोक आणि त्याला साजेसा मऊ पडदा असतो. तिथे हा खर्च वाचतो, पण लिहिण्याचा अनुभव वेगळा असतो.

आता मराठीकडे येऊ, कारण जाहिरातीत याविषयी कोणी बोलत नाही. ही उपकरणे "तुमचे हस्ताक्षर टाइप केलेल्या मजकुरात बदलतात" असे सांगतात. इंग्रजीसाठी ते बरेच साधते. देवनागरीसाठी काही उपकरणांत ही सोयच नसते आणि जिथे असते तिथे तिची परीक्षा तुमच्याच अक्षराने घ्यावी लागते. अडचण कशात आहे ती बघा. आपण एका शब्दातली सगळी अक्षरे शिरोरेषेने बांधतो. कोणी ती रेषा आधी ओढतो, कोणी शब्द संपल्यावर, कोणी अजिबात देत नाही. मात्रा, अनुस्वार, रफार वर जातात, उकार खाली, वेलांट्या बाजूला. हे चिन्ह कोणत्या अक्षराचे, हा गुंता यंत्राने सोडवायचा असतो. "कर्त्याने" हा शब्द पटकन लिहून बघा : रफार, जोडाक्षर, काना आणि मात्रा एवढ्याशा जागेत येतात. म्हणून हस्ताक्षर टाइप करून मिळावे यासाठी हे उपकरण घेणार असाल, तर थांबा. लिहिलेले जसेच्या तसे ठेवायचे असेल, तर मराठी-इंग्रजीचा प्रश्नच उद्भवत नाही. ते तुमच्या अक्षरातले चित्रच असते. वहीचे नाव देवनागरीत टाइप करता येते का, हेही बघून घ्या. काही उपकरणांत देवनागरी कळफलक नसतो, मग "दहावी भूमिती" रोमन लिपीत लिहावे लागते.

हाताने लिहिलेले जास्त लक्षात राहते, म्हणून ई-इंक उत्तम, असेही कोणी तुम्हाला सांगेल. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा २०१४ चा एक अभ्यास त्यासाठी नेहमी पुढे केला जातो. त्यात लॅपटॉपवर टिपणे काढणारे विद्यार्थी शब्दशः उतरवून घेत होते आणि संकल्पनांच्या प्रश्नांत ते हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडले. पण पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये तसेच प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर हा फरक तितका ठाम दिसला नाही. शिवाय मूळ तुलना कागद आणि कळफलक यांची होती, ई-इंकचा तिथे संबंध नव्हता. ई-इंकवर तुमचा हात तेच करतो जे वहीत करतो. तेव्हा टिपण समजून घेऊन काढण्याची सवय असेल, तर ती इथेही टिकेल, इतके म्हणणे पुरेसे आहे.

मग वह्यांचे काय? याचे उत्तर वहीगणिक वेगळे आहे.

सराव उदाहरणांची वही सगळ्यात आधी जावी. इथे हे उपकरण कागदाच्या पुढे जाते. एखादे उदाहरण कठीण वाटले, तर त्याभोवती पेनाने घेर काढून ते उचलायचे आणि दुसऱ्या पानावर नेऊन ठेवायचे. दोन पानांच्या मध्ये नवे पान घालता येते. बहुपदीचे उदाहरण गेल्या वर्षी केले होते, तेच यंदा आकडे बदलून द्यायचे असेल तर पानाची नक्कल करून फक्त आकडे खोडायचे. चौकटीचे पान हवे, दुरेघी हवे की कोरे, ते दर पानाला ठरवता येते. आलेख शिकवताना एकाच वहीत आलेखाचे पान आणि साधे पान शेजारी शेजारी असले की किती सोय होते, हे तुम्हाला सांगायला नको.

त्याहून मोठा फायदा पाठ्यपुस्तकाचा आहे. बालभारतीची पुस्तके पीडीएफच्या रूपात उतरवून घेता येतात. ती या उपकरणात टाकली की पुस्तकाच्या पानावरच, त्या प्रमेयाशेजारी, तुमची सूचना लिहिता येते : इथे मुले चुकतात, इथे आधी समरूपतेची उजळणी घ्यायची. पुढच्या वर्षी तीच खूण तिथेच सापडते. दोन अडचणी मात्र आहेत. नेहमीचा पडदा १०.३ इंचांचा असतो, त्यावर मोठ्या आकाराचे पान आकसून दिसते आणि बारीक अक्षर वाचायला पान मोठे करावे लागते. दुसरे, काळ्यापांढऱ्या पडद्यावर रंगीत आकृत्यांतला रंगांचा भेद हरवतो. लाल आणि निळ्या बाजू दोन्ही राखाडीच होतात. रंगीत ई-इंक आता मिळते, पण तिच्या एका प्रकारात पडद्यावर रंगांच्या बारीक गाळण्या बसवाव्या लागतात आणि त्यामुळे पान थोडे काळवंडते. तुमच्या कामाला मी काळापांढराच पडदा सुचवेन.

सभांच्या नोंदी आणि वाचनातली टिपणे यांनाही ही जागा मानवते. टिपणे चाळायची सवय असेल तर एक गोष्ट मात्र खटकेल. वहीची पाने अंगठ्याखालून भर्रकन सोडून "ते डावीकडच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात होते" असे आपण शोधतो. इथे पाने एकेक करून उलटतात, किंवा चिमुकल्या चित्रांच्या रांगेतून शोधावी लागतात. म्हणून पहिल्या पानावर अनुक्रमणिका लिहिण्याची आणि मथळ्याला खूण करण्याची शिस्त हवी. ती नसेल तर शंभर वह्या एका उपकरणात गेल्यावर शोधणे कागदापेक्षा अवघड होते.

टाचणवही कागदावरच राहू द्या. मुख्याध्यापकांची सही, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचा शेरा, हे सगळे त्या वहीवर असते आणि ती वही मागितली की समोर ठेवावी लागते. टाचण टॅब्लेटवर तयार करून ते छापून वहीत लावायला तुमच्या शाळेची हरकत नसेल तर तसे करा. पण हे आधी विचारून घ्यावे. घरखर्चाच्या वहीबद्दल मी म्हणेन की ती घरात सगळ्यांच्या हाताशी असणे हाच तिचा उपयोग आहे. दुधाचा आणि वाण्याचा हिशेब जो घरात असेल त्याने लिहायचा असतो, तो एका पिनक्रमांकामागे नेऊन काय साधणार?

पैशांच्या बचतीसाठी हे घेऊ नका, हे मला स्पष्ट सांगायचे आहे. चांगले उपकरण तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते, काही त्याहून वर. एक जाड वही शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळते. वर्षाला डझनभर वह्या लागल्या तरी हजार-बाराशे रुपये झाले; म्हणजे उपकरणाचे पैसे वसूल व्हायला तीस वर्षे लागतील, आणि त्यातली बॅटरी इतकी वर्षे टिकत नाही. झाडे वाचतात हा मुद्दाही तपासून घ्यावा. उपकरण बनवायलाही खनिजे, पाणी आणि वीज लागते. ते पाच-सात वर्षे नीट वापरले तर हिशेब वेगळा, दोन वर्षांत ड्रॉवरमध्ये पडून राहिले तर वेगळा. हे उपकरण त्याने मिळणाऱ्या सोयीसाठी घ्यावे : सगळी टिपणे एका जागी, खाडाखोड न दिसता सुधारणा, आणि पाठीवरचे ओझे कमी.

घेतलेच तर जपण्याच्या दोन गोष्टी. वरचा थर प्लास्टिकचा दिसला तरी बहुतेक उपकरणांत कणांच्या थराखाली काचेचा पातळ फलक असतो आणि तोच तडकतो. वहीसारखे दप्तरात डब्याखाली दाबून ठेवले की पडद्यावर न हलणाऱ्या रेघा उमटतात, आणि पडदा बदलण्याचा खर्च नव्या उपकरणाच्या जवळ जातो. कडक पुठ्ठ्याचे कव्हर घ्या. पाऊस सुरू झाला की प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, कारण ही उपकरणे सहसा पाण्यात टिकणारी नसतात.

दुसरी गोष्ट नकलेची. कागदाची वही पन्नास वर्षांनी उघडली तरी वाचता येते. इथे टिपणे कंपनीच्या स्वतःच्या साच्यात साठतात. कंपनीने उद्या धोरण बदलले, तिची ऑनलाइन साठवणूक पैसे भरल्याशिवाय पूर्ण चालेनाशी झाली किंवा उपकरणच बंद पडले, तर टिपणे अडकतात. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या वह्या पीडीएफ करून संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा. त्यात विद्यार्थ्यांचे गुण किंवा पालकांचे फोन क्रमांक असतील तर उपकरणाला पिन लावा आणि ते पान कंपनीच्या सर्व्हरवर जाणार नाही अशी व्यवस्था करा.

विकत घेण्याआधी कोणाकडे असेल तर अर्धा तास मागून घ्या आणि त्यावर एक पान मराठीत लिहा, एक भूमितीची आकृती काढा, मग बालभारतीचे एक पान उघडून त्यावर टिपण करा. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करण्याची मुदत किती आहे, दुरुस्ती भारतात होते की उपकरण परदेशी पाठवावे लागते, आणि बदलायच्या टोकांचे पाकीट केवढ्याला मिळते, हे तीन प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारून घ्या. पेन आणि कव्हर किमतीत धरलेले असते की वेगळे घ्यावे लागते, हेही त्यातच विचारा. बऱ्याचदा ते वेगळे असते आणि बिलात चांगलीच भर पडते.